आवाजाचा माग : मुंबईची फियाट टॅक्सी आणि कानाने निदान करण्याची कारागिरी

भरपूर धावलेल्या जुन्या मोटारीतून मधूनच उमटणारा आणि मिस्त्रीपुढे गाडी उभी करताच गप्प होणारा आवाज ही मोटारदुरुस्तीच्या धंद्यातील सर्वांत जुनी आणि अजूनही पुरती न सुटलेली अडचण आहे. तुटलेला भाग डोळ्यांना दिसतो, गळणारे तेल जमिनीवर डाग पाडते, पण आवाजाला ठाव नसतो, आणि तो अनियमित असला तर त्याला वेळही नसते. मुंबईत 1950च्या दशकापासून पुढे सुमारे अर्धे शतक या अडचणीभोवती केवळ कानाच्या आधारे निदान करणारी एक कारागिरी उभी राहिली, आणि तिचे श्रेय आजवर मिस्त्रींच्या उपजत हुशारीला देण्याची रीत पडली आहे. ती हुशारी नाकारण्याचे कारण नाही. मात्र शहरातील बहुतेक टॅक्सी एकाच बनावटीच्या होत्या, त्या वर्षानुवर्षे रस्त्यावर राहत होत्या आणि त्यांचे सुटे भाग एकमेकींना बसत होते, या तीन गोष्टी नसत्या तर तो कान तयारच झाला नसता, हे या कारागिरीच्या इतिहासात फारसे मांडले गेलेले नाही.

यंत्राचा आवाज ऐकून त्याची प्रकृती ओळखण्याची पद्धत मोटारीपेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील रेल्वेमार्गांवर लांब दांड्याची हातोडी घेऊन उभ्या गाडीच्या प्रत्येक चाकावर ठोका मारत जाणारा कामगार नेमलेला असे. निर्दोष पोलादी चाक घंटेसारखे खणखणते आणि तडा गेलेले चाक बद्द वाजते, एवढ्या एका फरकावर प्रवाशांची सुरक्षितता अवलंबून असे, आणि हीच रीत पुढे भारतातील रेल्वेच्या यार्डांतही रूढ झाली. वैद्यकात रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टराने 1816 साली कागदाच्या सुरळीतून रुग्णाच्या छातीचे ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. कारखान्यांतील कारागिरांनी मात्र त्यासाठी वेगळे उपकरण मागितले नाही. हाताशी असलेली लोखंडी सळई किंवा लाकडी दांडा यंत्राला टेकवून त्याचे दुसरे टोक कानाजवळच्या हाडाला लावले की काम होत असे. यामागचे शास्त्र असे की हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, तर पोलादातून तो पाच हजार मीटरांहून अधिक वेगाने जातो, आणि धातूतून हवेत उतरताना त्याची बहुतेक शक्ती परत फिरते. सळई टेकवल्याने हा हवेचा टप्पाच टळतो व आजूबाजूचा गोंगाट बाजूला पडून नेमक्या त्या जागेची कंपने कवटीच्या हाडातून आत पोहोचतात. गॅरेजमध्ये स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनवर वाकलेला मिस्त्री ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी याच जुन्या रीतीचे शेवटचे रूप पाहिले आहे.

मोटारींच्या पहिल्या काळात हे ऐकणे गाडीच्या मालकाचे कर्तव्य मानले जाई, कारण रस्त्यात गाडी अडली तर मदतीला कोणी नसे, आणि युरोपातील तत्कालीन मार्गदर्शक पुस्तके चालकाने इंजिनाच्या बदलत्या स्वराकडे सतत लक्ष द्यावे असे बजावत. पुढे गॅरेजचा धंदा संघटित झाला तसा हा अधिकार चालकाकडून कारागिराकडे सरकला. विशेषतः जर्मनीत दोन महायुद्धांच्या दरम्यान मोटार कारागिरांनी आपला तयार कान हीच आपल्या धंद्याची खूण म्हणून पुढे केली, आणि आवाजाविषयी शंका आल्यास स्वतः तर्क न लढवता गाडी जाणकाराकडे आणावी, असे चालकाला सांगितले जाऊ लागले. कान हा ज्ञानाचा विषय आहे तसाच धंद्याच्या मालकीचाही आहे, हे येथे प्रथमच उघड झाले.

गूढ आवाजाच्या निदानातील सर्वांत गाजलेले प्रकरण मात्र गॅरेजात नव्हे, प्रयोगशाळेत घडले. अमेरिकेत 1912 साली कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विजेची स्टार्टर आणि इग्निशन यंत्रणा बसवली गेली, आणि त्यानंतर चढावर किंवा भार पडला असता इंजिनातून येणाऱ्या धातूसारख्या खणखणाटाचे खापर या नव्या यंत्रणेवर फुटले. केटरिंग यांचे सहकारी टॉमस मिजली यांनी 1916नंतरच्या संशोधनात दाखवून दिले की दोष ठिणगीत नसून पेट्रोलमध्ये आहे : सिलिंडरात ठिणगीने पेटलेली ज्वाळा पुढे सरकत असताना तिच्यापुढील उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप एकदम पेट घेते, आणि त्या धक्क्याने सिलिंडरच्या भिंती वाजतात. यालाच नॉकिंग म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणून 9 डिसेंबर 1921 रोजी शिशाचे एक संयुग सापडले आणि पुढची अनेक दशके जगभरच्या पेट्रोलमध्ये, अर्थात शहरांच्या हवेतही, शिसे मिसळत राहिले. आवाज बंद झाला आणि त्याची किंमत श्वासांनी मोजली गेली. निदानाच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व असे की जो भाग वाजतो तोच दोषी असतो, हा समज त्याने मोडीत काढला. मुंबईच्या गॅरेजांनी हीच गोष्ट वेगळ्या वाटेने शिकून घेतली, कारण पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ झाली की अगदी चांगले इंजिनही खणखणू लागे, आणि अनुभवी मिस्त्री गाडीला पाना लावण्याआधी पेट्रोल कोठे भरले याची चौकशी करीत.

मुंबईत मोटारी 1898च्या सुमारास आल्या आणि मोटार टॅक्सी 1911 साली सुरू झाल्या. जनरल मोटर्सने 1928 साली शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला, फोर्डही आली, आणि स्वातंत्र्यापर्यंत शहरातील रस्त्यांवर अमेरिकन व ब्रिटिश बनावटीच्या इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या धावू लागल्या की एका गाडीवरून मिळालेला अनुभव दुसरीला लावणे जिकिरीचे होते. सहा सिलिंडरच्या शेव्हरोलेटचा निरोगी आवाज ऑस्टिनच्या दुखण्याची काहीच कल्पना देत नसे. ही परिस्थिती सरकारी धोरणाने पालटली. तयार मोटारींच्या आयातीवर 1949नंतर बंधने आली, देशातच भाग बनवण्याची तयारी नसलेल्या कंपन्यांना 1950च्या दशकाच्या आरंभी काढता पाय घ्यावा लागला, आणि प्रवासी मोटारींचा बाजार मुख्यतः तीन कारखान्यांच्या हाती आला : कोलकात्याजवळची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाईल्स.

प्रीमियरची स्थापना सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 साली केली. आरंभी तिने क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज व प्लिमथ गाड्यांची जुळणी केली, नंतर इटलीच्या फियाटशी करार केला आणि 1954पासून फियाट 1100 या गाडीचे वेगवेगळे अवतार बाजारात आणले. यांतील 1964ची डिलाइट ही आवृत्ती 1970च्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली, तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. बाह्यरूपात, दिव्यांत, जाळीत किरकोळ फेरफार झाले, परंतु 1089 सीसीचे चार सिलिंडरी इंजिन, मागच्या चाकांना शक्ती पोहोचवणारा प्रोपेलर शाफ्ट, मागचे कमानपाटे आणि पुढची चाके ज्यांवर वळतात ते किंग पिन यांची मूळ मांडणी तीच राहिली. उत्पादन शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. गाड्यांचा तुटवडा इतका होता की नवी गाडी नंबर लावून वर्षानुवर्षांनी मिळे, म्हणून हाती असलेली गाडी मोडीत न काढता पुन्हा पुन्हा बांधली जाई : सिलिंडर झिजला की तो किंचित मोठा करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवायचे, पिस्टनांच्या जोराने फिरणारा क्रँक झिजला की तो घासून लहान करायचा आणि त्याला जाड बेअरिंग घालायचे, आणि या पायऱ्या संपल्या की भंगारातून दुसरा ब्लॉक शोधायचा. 1990च्या दशकात मुंबईतील काळ्या-पिवळ्या टॅक्सींची संख्या 60,000च्या आसपास गेली आणि त्यांतील बहुसंख्य गाड्या याच बनावटीच्या होत्या.

एका यंत्राच्या इतक्या प्रती, झिजेच्या इतक्या वेगवेगळ्या अवस्थांत, एका शहरात एकत्र येणे ही दुर्मीळ घटना आहे, आणि कानाच्या कारागिरीचा खरा पाया तिथे आहे. गॅरेजात पोऱ्या म्हणून लागलेल्या मुलाला कोणी आवाजांचे पाठ देत नसे. पण रोज त्याच इंजिनाची टकटक, खडखड आणि घरघर ऐकून आणि संध्याकाळी तेच इंजिन उघडल्यावर आत काय निघाले ते पाहून त्याच्या डोक्यात आवाज आणि झीज यांची सांगड आपोआप बसत जाई. शिवाय शंका आलीच तर शेजारी दुसरी फियाट उभीच असे, आणि तिच्या आवाजाशी पडताळा घेता येई.

अनियमित आवाजाच्या बाबतीत पहिले काम ऐकण्याचे नसून विचारण्याचे असे, आणि त्यातला मुख्य प्रश्न आवाज गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, हा असे. या प्रश्नाला यंत्रशास्त्राचा भक्कम आधार आहे. झिजलेल्या सिलिंडरात पिस्टन थंड असताना सैल बसतो आणि भिंतीवर आपटतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या ब्लॉकपेक्षा अधिक प्रसरण पावत असल्याने काही मिनिटांत ही फट भरून येते आणि आवाज नाहीसा होतो. उलट कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे, म्हणजे ज्या बाजूने तो क्रँकला जोडलेला असतो तिथले, बेअरिंग झिजले असेल तर थंडीत दाट असलेले तेल फट झाकून धरते आणि इंजिन तापून तेल पातळ झाल्यावर ठोका सुरू होतो. पहिला दोष महिनोन्महिने चालवून घेता येतो, दुसऱ्याकडे दुर्लक्ष केले तर रॉड मोडून ब्लॉक फुटू शकतो. मुंबईच्या टॅक्सीत या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळणेही अवघड होई, कारण अनेक गाड्या दिवसपाळी आणि रातपाळीच्या दोन चालकांमध्ये वाटलेल्या असत आणि इंजिन पुरते थंड व्हायला फारशी फुरसत मिळत नसे. पहाटे उभी गाडी काढणाऱ्या चालकाला जो आवाज रोज ऐकू येई, तो गरम गाडी हाती घेणाऱ्या जोडीदाराच्या कानी कधीच पडत नसे, आणि मालकाला दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे असे वाटे. दोघेही खरेच बोलत असत.

इंजिनातील ठोक्याची जागा शोधण्याची रीत अशी होती. इंजिन संथ चालू ठेवून प्रथम ठोक्याची लय पाहिली जाई, कारण चार फटक्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणून टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या साखळीतील फटीची, टकटक क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच होते, तर क्रँकला लागून असलेल्या भागाचा ठोका दुप्पट वेगाने आणि खालच्या अंगाने येतो. ठोका खालचा ठरला की एकेका प्लगची वायर क्षणभर काढली जाई. ज्या सिलिंडरची वायर निघताच ठोका मंदावतो, त्याच सिलिंडरचा रॉड दोषी, कारण तिथला स्फोट थांबला की बेअरिंगवरचा मार थांबतो. टॅपेटच्या आवाजावर मात्र याचा काहीही परिणाम होत नाही. एक फडके, चार वायरी आणि कान एवढ्या सामग्रीवर, इंजिन न उघडता, कोणत्या सिलिंडरचे काम निघाले आहे ते सांगता येई. जगातील कोणत्याही मोटार कारागिराला ही रीत ठाऊक होती, पण रोज तेच इंजिन हाताळणाऱ्याच्या बाबतीत तिच्यात चूक होण्याची शक्यता फार कमी राही.

चाकांखालच्या आवाजांचे गणित वेगळे असे. खड्ड्यातून जाताना पुढून येणारा ‘खट्’ असा आवाज चाकाच्या बेअरिंगचा की किंग पिनचा, हा वाद सोडवण्यासाठी चाक जॅकवर उचलून वरून व खालून दोन्ही हातांनी हलवले जाई आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगितले जाई. ब्रेकमुळे चाकाचा ड्रम त्याच्या मागच्या पत्र्याशी जखडला जातो, त्यामुळे हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, आणि तरीही चाक हलत राहिले तर किंग पिनचा. मागच्या बाजूची घरघर ॲक्सिलरेटर सोडताच सूर बदलते की गाडी वळवल्यावर बदलते, यावरून मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलचे दाते आणि चाकाचे बेअरिंग यांत निवड होई. ऋतूंचाही यात हात असे. रबरी बुशांची आणि कमानपाट्यांची कुरकुर पावसाळ्यात पाण्याने शांत होई आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सुरू होई, तर पंख्याच्या पट्ट्याची किंचाळी नेमकी ओलाव्यात वाढे. म्हणून जुलैत दुरुस्त झालेली गाडी दसऱ्याच्या सुमारास पुन्हा दारात येणे गॅरेजवाल्यांना नवे नव्हते. या सगळ्याच्या आधी डिकी रिकामी करून जॅक, पाने आणि स्टेपनी बाहेर काढण्याचा आणि टपावरचे कॅरिअर हलवून पाहण्याचा शिरस्ता होता, आणि कित्येक गूढ आवाजांचा उलगडा तिथेच होई.

या कारागिरीचे गुणगान करताना तिच्या चुका लपवण्याचे कारण नाही. पत्र्याच्या पोकळ सांगाड्यात आवाज कुठल्या कुठे जातो, मागच्या कमानपाट्याच्या शॅकलचा खडखडाट चालकाला पायाखालून आल्यासारखा वाटतो, आणि आत्मविश्वासाने केलेल्या निदानापायी चांगले भाग बदलले गेल्याची उदाहरणे या धंद्यात नेहमीचीच होती. ती फारशी महाग पडली नाहीत याचे कारण पुन्हा एकसारखेपणातच सापडते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील जुन्या भागांच्या बाजारात किंवा शेजारच्या मोडक्या टॅक्सीत तोच भाग उपलब्ध असल्याने संशयित भाग काढून दुसरा बसवून पाहणे, आवाज गेला नाही तर तो परत करणे, असा प्रयोग थोडक्या पैशांत उरकता येई. एखाद्या दुर्मीळ गाडीवर हाच प्रयोग करणे मालकाला परवडले नसते. शिवाय टॅक्सी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडे, त्यामुळे कोणता आवाज बंद करायचा यापेक्षा कोणता आवाज चालवून घ्यायचा, हा सल्ला अधिक मोलाचा ठरे आणि मिस्त्रीची पत बहुधा त्यावरच ठरे. हे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही, ही त्याची मोठी उणीव आहे.

शिसे असलेले पेट्रोल भारतात 2000 सालच्या आरंभी बंद झाले आणि त्याच सुमारास प्रदूषणाविषयीच्या न्यायालयीन आदेशांमुळे मुंबईच्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. या बदलाने शहरातील आवाजांचा नकाशाच पालटला. सीएनजीची नॉकिंग रोखण्याची क्षमता पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक असल्याने भेसळीचा तो ओळखीचा खणखणाट जवळजवळ नाहीसा झाला. पण कोरड्या वायूला आणि शिशाविरहित इंधनाला व्हॉल्व्हच्या बैठकींवर पातळ थर सोडण्याचा गुण नसल्याने जुन्या इंजिनांच्या बैठकी लवकर झिजू लागल्या. बैठक झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. याचा चमत्कारिक परिणाम असा की बिघाड वाढत जाताना टकटक वाढण्याऐवजी घटत जाई, आणि आवाज नाही म्हणजे गाडी ठणठणीत, या समजावर विसंबलेल्या कानाला इथे फसगत सोसावी लागली. गप्प झालेली गाडी काही दिवसांनी कॉम्प्रेशन गमावून चढावर दम टाकू लागली की मग खरा प्रकार ध्यानात येई.

कारागिरीच्या ओहोटीचे कारण सहसा संगणकात शोधले जाते. भारतात मोटारीतील बिघाडाची स्वतःहून नोंद ठेवणारी यंत्रणा प्रदूषणाच्या नियमांबरोबर 2010 आणि 2013 या दोन टप्प्यांत सक्तीची झाली हे खरे, पण ती यंत्रणा प्रामुख्याने धुराशी संबंधित दोषांवर लक्ष ठेवते. इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर नॉकिंगची कंपने टिपतो, एवढाच काय तो तिचा कान. सैल झालेला बुश किंवा झिजलेले चाकाचे बेअरिंग यांची वार्ता तिला नसते आणि अशा आवाजांसाठी अद्ययावत कार्यशाळाही संशयित भागांना छोटे मायक्रोफोन अडकवून, गाडी चालवत, एकेक करून ऐकतात. म्हणजे रीत तीच राहिली. बदलला तो गाड्यांचा ताफा. मारुती 800 ही पुढच्या चाकांना शक्ती देणारी गाडी 1983च्या डिसेंबरात आली, 1990च्या दशकात परदेशी कंपन्यांना दार उघडले, आणि टॅक्सींच्या वयावर राज्य सरकारने 2008 साली 25 वर्षांची व 2013 साली 20 वर्षांची मर्यादा घातल्यावर फियाटच्या जागी अनेक कंपन्यांच्या छोट्या गाड्या आल्या, ज्यांचे भाग एकमेकींना बसत नाहीत आणि आवाज एकमेकींशी जुळत नाहीत. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात झाली होती, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 रोजी या बनावटीच्या टॅक्सीचा मुंबईतील परवाना संपला. खाजगी मालकीच्या, हौसेने राखलेल्या पद्मिनी अजूनही शहरात आहेत आणि त्यांच्यावर हात फिरवू शकणारे वयस्क मिस्त्रीही आहेत. पण त्या गाड्या वर्षाकाठी जेमतेम काहीशे किलोमीटर धावतात, आणि एखादीतून मधूनच ठोका ऐकू आला तर पडताळा घेण्यासाठी शेजारी दुसरी फियाट उभी नसते.